पोरगा पोलिसात लागलाय. गोळी नक्की कधी चालवायची असते?

उल्हासकाठ | रवि, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इकडे पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बदलापूर पूर्वेला राहतो. माझं घरगुती पोळ्यांचं काम आहे, दिवसाला दोनशे-सव्वादोनशे जातात. धाकटा दुसऱ्या प्रयत्नात पोलीस भरतीत लागला. पहिल्या वेळी सोळाशे मीटरला मार खाल्ला होता, या वेळी गोळाफेकीने तारलं. सध्या ट्रेनिंगला आहे. मागच्या आठवड्यात दोन दिवस घरी आला, डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. रात्री जेवताना मध्येच म्हणाला, "आई, त्या दिवशी त्या गाडीत मी असतो, तर मी काय करायला हवं होतं?"

कुठली गाडी ते बदलापुरात कोणी विचारत नाही. २३ सप्टेंबर २०२४. आमच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातल्या आरोपीला तळोजा जेलमधून नेत होते, मुंब्रा बायपासला गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि तो मेला. त्याने आधी पिस्तूल हिसकावून गोळी मारली, असं पोलिसांचं म्हणणं. त्या रात्री आमच्या गल्लीत पेढे वाटले. माझे हात कणकेचे होते म्हणून शेजारणीने तोंडात भरवला. मी खाल्ला, खोटं कशाला बोलू? महिन्याभरापूर्वी, २० ऑगस्टला, हजारो माणसांबरोबर मीही तासभर रुळांवर उभी होते. लेकरांच्या बाबतीत असं काही झाल्यावर आईच्या जातीला काय होतं ते सांगायला नको.

पण तेव्हा माझा मुलगा पोलिसात नव्हता. आता तो विचारतोय आणि मला उत्तर देता येत नाहीये. तर विचारायचं हे की पोलिसाने समोरच्याचा जीव जाईल अशी गोळी कधी चालवली तर ते बरोबर धरलं जातं? तो निर्णय कोणाचा? आणि नंतर गोळी चालवणाऱ्याचं काय होतं?

कुठल्या पक्षाने काय केलं ते कृपा करून लिहू नका. ते मला पाठ आहे.

पक्या_डोंबिवली | रवि, रात्री ११:०५

ताई, आधी पोराचं अभिनंदन. पेढ्याचं मनाला लावून घेऊ नका, मी दोन खाल्ले. कायदा सरळ आहे: समोरचा नराधम असेल तर ठोकायचा. कोर्टात वीस वर्षं तारखा पडणार, साक्षीदार फुटणार आणि तो बाहेर येऊन पान खात फिरणार. १९८२ ला गुंड मन्या सुर्वेला वडाळ्याला उडवला तेव्हा कोणी रडलं नाही. हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना उडवलं तर लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली. पोराला सांगा, हात थरथरू देऊ नकोस.

काळा_डगला | सोम, सकाळी ७:२०

उल्हासकाठ ताई, मी सत्र न्यायालयात फौजदारी चालवते, दोन्ही बाजूंनी. कोर्टाला निघण्याआधी जमेल तेवढं लिहिते.

पोलिसाला माणूस मारायचा वेगळा परवाना आपल्या कायद्यात नाही. तुमच्या ओट्यापाशी कोणी कोयता घेऊन आला आणि तुमच्या हातात लाटणं असलं, तर तुम्हाला जो हक्क मिळतो तोच त्यालाही मिळतो. त्याचं नाव स्वसंरक्षण, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ही कलमं ३४ ते ४४. हा हक्क जीव घेण्यापर्यंत कधी जातो ते ३८ मध्ये आहे, जुनं १००. आता, या घटकेला, आपला किंवा दुसऱ्याचा जीव जाईल वा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, तर जातो. बलात्काराचा, पळवून नेण्याचा हल्ला चालू असेल तरीही जातो. आणि ३७ मध्ये लगाम आहे: जरुरीपेक्षा जास्त इजा करायची नाही. भीती सरली की हक्क सरला.

यात समोरच्याने काल काय केलं होतं याला जागाच नाही. त्याच्यावर पाकीटमारीचा गुन्हा असो की तुमच्या शाळेतला, गोळी चालवायच्या हिशेबात दोघे सारखेच. हे लोकांना पचत नाही. मला स्वतःला वकिलीची पहिली काही वर्षं पचलं नव्हतं.

दुसरी वाट अटकेची. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ४३ म्हणतं, अटकेला विरोध झाला तर लागेल ते बळ वापरा, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नाही त्याचा जीव घ्यायचा अधिकार यातून मिळत नाही. काही जण याचा उलटा अर्थ काढतात: म्हणजे जन्मठेपेवाला पळाला की उडवा. तसं नाही. 'लागेल ते' ही अट त्याच्याही बाबतीत आहेच.

तिसरी वाट जमावाची, कलम १४८ आणि पुढची. तिथे पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देतो, किंवा ठाण्याचा प्रमुख, किंवा तो नसेल तर निदान फौजदाराच्या दर्जाचा अधिकारी. शिपायाने आपल्या मर्जीने जमावावर बार काढायचा नसतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दहा माणसं गेली. टँकर पेटवणार होते म्हणून गोळीबार केला, असं सांगितलं गेलं. चौकशीला नेमलेल्या गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही. हुकूम देणाऱ्या फौजदाराला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे अपिलात त्याला जामीन मिळाला, पण बारा वर्षांनी का होईना, हिशेब मागितला गेला.

पक्या, हैदराबादच्या फुलांचं म्हणालात. सुप्रीम कोर्टाने त्यावर आयोग नेमला, अध्यक्ष न्या. सिरपूरकर, आपल्या नागपूरचे. २०२२ मध्ये अहवाल उघड झाला. पोलिसांची हकिगत रचलेली आहे, गोळ्या मारण्याच्याच हेतूने झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. आणि त्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असंही त्यात आहे.

पट्टेवाला आरोळी देईल आता. उरलेलं रात्री.

जुना_बिल्ला | सोम, दुपारी ३:३०

ताई, मी चौतीस वर्षं खात्यात काढली. आधी एसआरपी, मग जिल्हा मुख्यालय, हवालदार म्हणून उतरलो. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला. वकीलबाईंनी कलमं सांगितली ती बरोबरच असणार. मी दोन गोष्टी सांगतो, नावंगावं सोडून.

पहिली नव्वदच्या दशकातली. तालुक्याचं गाव, दंगल. दुपारपासून दगड येत होते. हेल्मेटवर दगड पडला की कानात घंटा वाजते, मग साहेब काय ओरडतायत ते ऐकू येत नाही. भोंग्यावर तीनदा इशारा झाला, गॅस झाला, लाठी झाली. मग हुकूम आला. माझ्याकडे थ्री-नॉट-थ्री रायफल. आम्हाला शिकवलेलं, हवेत मारायचं नाही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, नाहीतर गॅलरीत बघत उभ्या असलेल्या बाईला लागते. नेम कमरेखाली, आणि जो समोर येऊन पेटवतोय त्याच्यावर. सांगायला सोपं आहे. धूर, घाम, भेंडीसारखी चिकट झालेली बोटं, आणि जमाव काही कमरेखाली वेगळा आणि वर वेगळा असा उभा राहत नाही. मागचा खाली वाकला की त्याचं डोकं पुढच्याच्या कमरेला येतं.

मी दोन राउंड झाडले. सगळ्यांचे मिळून अकरा. एक पोरगं गेलं, एकोणीस वर्षांचं. गोळी आरपार गेली होती, सापडली नाही. ती कोणाच्या रायफलीची, ते मला आजही ठाऊक नाही.

रात्री कर्फ्यू लागल्यावर आम्ही बॅटऱ्या घेऊन रस्त्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या शोधत होतो. अकरा राउंड म्हणजे अकरा पुंगळ्या भरायला पाहिजेत. दहा मिळाल्या. अकरावीसाठी गटारात हात घातला, कोपरापर्यंत. चहाच्या टपरीचं खरकटं, भाजीचा पाला, त्यात ती सापडली. धुवून रुमालात गुंडाळून साहेबांकडे दिली. पुढे चौकशीत दंडाधिकाऱ्यांनी मला तीन तास बसवलं. गोळीबार रास्त ठरला. मी सुटलो. माझी बायको सांगते, त्यानंतर मी भाताच्या ताटात बोटं फिरवत बसायला लागलो.

दुसरी गोष्ट कैदी पार्टीची. तिहेरी खुनातला आरोपी, जेलमधून कोर्टात न्यायचा. गाडी नाही, म्हणून एसटीने. नाईक एक आणि आम्ही दोघे शिपाई. चढाला गाडी हळू झाली आणि याने माझ्या जोडीदाराच्या पिस्तुलावर झडप घातली. बेडीचे दोन्ही हात एकदम. पिस्तूल म्यानातून निघालं. पण लॅनयार्ड, म्हणजे पिस्तुलाला बांधलेली दोरी, खांद्याला होती, तिने ओढ घेतली. मी त्याच्या मनगटाला चावलो. होय, चावलो, पोलीस होतो आणि चावलो. नाईक खाली अडकला होता. कंडक्टरने तिकिटांची पत्र्याची पेटी त्याच्या कानशिलात हाणली, सगळी तिकिटं गाडीभर. कैद्याने पकड सोडली आणि दोन सीटांच्या मधल्या बोळात आडवा झाला.

आता ऐका. जोडीदार सव्वीसचा, कपाळ फुटलेलं. पिस्तूल त्याच्या हातात आलं, त्याने कॉक केलं आणि कैद्याच्या छातीवर धरलं. अख्खी एसटी ओरडत होती, घाल गोळी, घाल. मी त्याच्या दंडाला धरून म्हणालो, "झालं. आता झालं ते."

तीन सेकंद आधी, नळी आमच्याकडे वळताना त्याने गोळी घातली असती, तर मी कोर्टात त्याच्या बाजूने छाती ठोकून साक्ष दिली असती. तीन सेकंदांनंतर घातली असती, तर माझ्याच साक्षीने तो आत गेला असता. माणूस तोच, पिस्तूल तेच, एसटी तीच. तुमच्या पोराला एवढं सांगा.

बक्षीस काय मिळालं? हत्यार कैद्याच्या हाताला लागलंच कसं, म्हणून तिघांची वर्षाची वेतनवाढ रोखली. तेव्हा कडू लागलं. आता वाटतं बरोबरच केलं. हत्यारवाल्याने कैद्याच्या शेजारी बसायचंच नसतं, आम्ही खिडकीची हवा पाहिजे म्हणून जागा बदलल्या होत्या. त्यामुळे तुमच्या त्या गाडीची बातमी ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न गोळीचा आलाच नाही. हात पिस्तुलापर्यंत पोचला कसा, हा आला.

पक्या_डोंबिवली | सोम, दुपारी ४:१०

काका, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मग ओंबळे साहेबांचं काय? कसाबला जिवंत ठेवून काय मिळवलं? चार वर्षं बिर्याणी खाल्ली त्याने आपल्या पैशांनी.

जुना_बिल्ला | सोम, सायं ५:००

पक्याभाऊ, तुकाराम ओंबळे आमच्या जावळी तालुक्यातले, केडंब्याचे. त्यांचं नाव जपून घ्या. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला गाडी अडवली तेव्हा कसाबचा साथीदार इस्माईल आमच्या लोकांच्या गोळीने मेला. त्याबद्दल आजपर्यंत कोणी ब्र काढला नाही, काढायला जागाच नव्हती. तो गोळ्या घालत होता. कसाब गाडीतून उतरला तसा ओंबळे साहेबांनी एके-४७ ची नळी पोटाशी धरली. गोळ्या त्यांना लागल्या, नळी सुटली नाही. मागच्यांनी लाठ्यांनी कसाबला लोळवला. मग हत्यार सुटल्यावर, बेशुद्ध पडलेल्या त्या पोराला कोणी गोळी घातली का? साथीदार तिथेच मरून पडलेला असताना? नाही घातली. रागाने थरथरत होते सगळे, तरी नाही. म्हणून बोटीपासून पुढची सगळी साखळी कोर्टात उभी राहिली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फास लागला तो कोर्टाच्या कागदावर.

काळा_डगला | सोम, रात्री ९:४५

बिर्याणीचं एक. ती गोष्ट आपण रचली होती, हे खुद्द सरकारी वकिलांनीच २०१५ मध्ये जाहीर सांगितलंय. ती अजून फिरतेय, कारण चवदार आहे.

ताई, तुमचा तिसरा प्रश्न राहिला होता, नंतर काय होतं. मुंबईत १९९५ ते ९७ मध्ये सुमारे ९९ चकमकी झाल्या आणि १३५ च्या आसपास माणसं मेली. ते प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा नियम घालून दिले. (तारीख बघा. बरोब्बर दहा वर्षांनी मुंब्रा बायपास. योगायोग, पण मी त्या दिवशी कॅलेंडरकडे बघत बसले होते.) सगळे सोळा सांगत नाही. तुमच्या मुलाच्या कामाचे एवढेच: गुन्हा नोंदवायचाच. तपास त्याच ठाण्याने करायचा नाही, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने, वरिष्ठाच्या देखरेखीखाली. दंडाधिकाऱ्याची चौकशी होणारच. हत्यार लगेच तपासणीला जमा करायचं. आणि चकमक झाली म्हणून लगोलग बढती किंवा शौर्यपदक नाही. हा शेवटचा नियम ज्याने लिहिला त्याला खातं आतून माहीत असणार.

'साहेबांनी सांगितलं म्हणून मारलं' ही सबब चालत नाही, हेही त्याला सांगा. ११ नोव्हेंबर २००६ ला वर्सोव्याला लखनभैया पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. त्याच प्रकरणात २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूरेंबर्गच्या, म्हणजे नाझींवरच्या खटल्यांचा दाखला देऊन म्हटलं, वरिष्ठाचा हुकूम हा बचाव नाही. २०१३ मध्ये शिक्षा झालेल्यांत तेरा पोलीस होते, त्यात खालच्या हुद्द्याचेही. मोठे नाव, पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा, तेव्हा सुटले. १९ मार्च २०२४ ला हायकोर्टाने ती सुटका रद्द करून जन्मठेप दिली, पुढे ते सुप्रीम कोर्टात गेलं. पण ही उतरंड लक्षात घ्या. शिपाई आधी आत गेले, साहेबाचा निकाल अकरा वर्षांनी लागला.

तुमच्या बदलापूरचं. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टापुढे आला. त्यात गाडीतल्या पाच पोलिसांकडे बोट आहे, पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत असंही आहे. एप्रिलमध्ये हायकोर्टाने विशेष पथकाकडून तपास करायला सांगितलं. खटल्यात सिद्ध होईपर्यंत मी त्या पाच जणांना खुनी म्हणणार नाही. हा हक्क मी त्यांना देते, गाडीतल्या सहाव्याला तो मिळाला नाही. आणि त्याच्याबरोबर त्याच्यावरचा मूळ खटलाही गेला. लेकरांच्या आयांना काय झालं, कसं झालं, ते कोर्टाच्या निकालपत्रात लिहिलेलं कधीच वाचायला मिळणार नाही. पक्या, तुम्हाला ते चालत असेल. मी अशा एका आईची वकील होते, दुसऱ्या गावातली. निकालाची प्रत ती पिशवीत घालून घेऊन गेली, सोनं नेतात तशी.

पक्या_डोंबिवली | सोम, रात्री १०:२०

वकील मॅडम, निकाल किती वर्षांनी लागला होता?

काळा_डगला | सोम, रात्री १०:२६

सहा वर्षं, चार महिने. तुमचा मुद्दा कळला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

उल्हासकाठ | पुढचा रवि, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, मधे गौरीच्या ऑर्डरी होत्या, पुरणपोळ्या चारशेवर गेल्या.

आज त्याला फोन मिळाला होता, रविवारी थोडाच वेळ मिळतो. मी हवालदारकाकांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, एसटीचा पूर्ण, मग दंगलीचा. एरवी तो मधे मधे बोलतो, या वेळी गप्प होता. मला वाटलं रेंज गेली. मग विचारलं, "ते काका गटारात हात घालून शोधत का बसले? एक कमी लिहायची." मी म्हटलं विचारून सांगते. आणि त्याने आणखी एक विचारलं, की तू तेव्हा पेढा खाल्लास का गं. त्याला ठाऊक नव्हतं, तो तेव्हा पुण्याला क्लासला होता. मी हो म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि वेळ संपली.

शेजारीण अजून रोज संध्याकाळी दहा पोळ्या नेते. तिच्याशी मी यातलं काही बोललेले नाही.

जुना_बिल्ला | पुढचा रवि, रात्री ९:५०

त्याला सांगा, एक कमी भरली तर रायफलींच्या नंबरांसमोर राउंड जुळत नाहीत, मग कोणीतरी घरून जुनी पुंगळी आणून भरतो, आणि तिथून कागद खोटा व्हायला सुरुवात होते. म्हणून शोधायची.

आणि बूट अर्धा नंबर मोठा घ्यायला लावा. बंदोबस्ताला पाय सुजतात.